पाणी असून तापते

अर्जुनी मोरगावकडच्या प्रतापगडच्या यात्रेत जुन्या जिपांची खरी परीक्षा होते. महाशिवरात्रीला डोंगरावरच्या महादेवाला आणि तिथल्याच दर्ग्याला जाणारी माणसं अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, केशोरी अशा चहूबाजूंनी येतात. एस.टी. भरून गेली की काळी-पिवळीत बसतात, आतली जागा संपली की मागच्या पायरीवर उभी राहतात. गोठणगाव ओलांडलं, १९७२ पासून नांदत असलेल्या तिबेटी वसाहतीच्या रंगीत पताका मागे पडल्या, की गर्दी दाट होते. जीप पहिल्या गिअरमध्ये रांगायला लागते. माथ्यावर ऊन, पोटात भार, समोरून वारा नाही. अशा वेळी कुठल्यातरी बॉनेटखालून गरम रबराचा आणि गंजट पाण्याचा वास येतो, मग वाफ, आणि चालक डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघतो.

पाणी त्याला लगेच मिळतं. हा तळ्यांचा मुलूख आहे. जवळच इटियाडोहचं धरण, पलीकडे कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी बांधलेला नवेगावचा बांध, आणि गावागणिक तलाव-बोड्या. इथल्या माणसाचा पाण्यावर जीव आहे आणि विश्वासही. पीक सुकलं तर पाणी, जनावर दमलं तर पाणी, इंजिन तापलं तरीही पाणी. म्हणूनच थोड्या अंतरावर तीच जीप पुन्हा वाफाळली की चालकाच्या तोंडून जो प्रश्न येतो तो मला फार मोलाचा वाटतो : "पानी तं भरलो होतो गा, मंग कावून तापते?"

जुन्या इंजिनाचं सगळं दुखणं या प्रश्नात आहे. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग इंजिनाच्या कामी लागतो, जवळपास तेवढाच धुराबरोबर जातो, आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्याच्या अंगावर पडतो. १९८०च्या दशकातल्या महिंद्रा एमएम ५४० जिपेत प्यूजोच्या रचनेचं डिझेल इंजिन असे. त्यात इंधन आधी इंजिनाच्या डोक्यातल्या (हेडमधल्या) छोट्या कप्प्यात पेटतं, मग सिलिंडरमध्ये उतरतं, त्यामुळे पाण्याला जरा जास्तच उष्णता सोसावी लागते. पाण्यानं ती उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची आणि वाऱ्याच्या हवाली करून परत यायचं. कोहळ्यांनी तलाव बांधला तो काही पाणी नुसतं अडवायला नव्हे. पाटानं ते धानाच्या बांधीत उतरलं पाहिजे आणि जास्तीचं सांडव्यावरून गेलं पाहिजे, हे त्यांनी पाळ घालतानाच ठरवलं होतं. इंजिनातलं पाणीही चालतं राहिलं तरच उपयोगाचं. चालकानं भरलेलं पाणी आत होतंच, फक्त ते वाटेत कुठेतरी अडत होतं, किंवा आपली उष्णता कुणाला देऊ शकत नव्हतं.

चांगला मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी एवढंच विचारतो की गाडी कधी तापते. मला या विचारण्यात वैद्याच्या नाडीपरीक्षेइतकाच आदर वाटतो, कारण अर्धं निदान तिथेच होतं. यात्रेच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर आपोआप निवते, तर दोष वाऱ्याचा. उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा. पट्टा सैल असेल, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच कुणीतरी काढून टाकलेलं असेल (जुन्या जिपांत ते हटकून गायब असतं, आणि त्याच्यावाचून पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो), किंवा रेडिएटरच्या पापुद्र्यांत कचरा बसलेला असेल. आमच्याकडे हा कचरा धानाचा. दिवाळीनंतर चुरणं सुरू झालं की रस्त्याकडेच्या हवेत तूस आणि तणसाचं भुसकट तरंगतं, पंखा ते आत ओढतो आणि माघात, ऐन यात्रेच्या तोंडावर, जाळीला बाहेरून मऊ गोधडी चढलेली असते. ती इंजिनाच्या बाजूनं, उलट्या दिशेनं धुवावी लागते. समोरून पाण्याचा जोर मारला तर भुसा आणखी खोल जातो.

उलट, बाजारातल्या गर्दीत ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर भार घेऊन वेग धरला की तापमानाचा काटा चढतो, तर दोष पाण्याच्या वाटेचा. वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली असतात. किंवा खालचा होज जुना होऊन मऊ पडतो, आतली तारेची स्प्रिंग गेलेली असते, आणि वेगात पंपाच्या ओढीनं तो चपटा होतो. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत तो परत गोल झालेला असतो, म्हणून हा दोष पाहायचा तर उभ्या गाडीत कुणीतरी रेस द्यावी आणि दुसऱ्यानं होजकडे डोळे लावून बसावं. थंड इंजिन थोड्या वेळातच उकळायला लागलं तर संशय थर्मोस्टॅटवर. त्यातलं मेण साधारण ८२ अंशांना फुगून झडप उघडतं. काढून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, पाणी तापवा, उघडतो की नाही ते डोळ्यांना दिसतं. पुष्कळ जण तो काढून फेकूनच देतात. मला ते पटत नाही, कारण कायम थंड राहणारं इंजिन डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

रेडिएटरच्या टोपीकडे तर कुणी बघतच नाही. सात पौंडांचा दाब धरणाऱ्या टोपीखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळतं. तिचं रबर चिरलं की ही सगळी सवलत जाते आणि धडधाकट इंजिनही चढणीवर वाफ सोडतं. मात्र गरम असताना ती उघडायची नाही. त्या दाबाखालचं पाणी टोपी सैल होताच उसळून हात-तोंड भाजतं.

सर्वांत फसवा असतो तो काटा. तापत गेलेला काटा अचानक खाली आला की चालकाला हायसं वाटतं. पण पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की तापमान मोजणारा सेन्सर आता पाण्यात नाही, कोरड्या पोकळीत आहे. त्या क्षणी इंजिन बंद करायचं आणि निवू द्यायचं. लालबुंद डोक्यावर तळ्याचं गार पाणी ओतलं तर बिडाला तडा जातो. आणि पाणी कुठेही ठिबकत नसताना रोज घटत असेल, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील, गेजपट्टीवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलं. उशिरा सुटणारं डिझेल, घासत राहणारा ब्रेक हीही कारणं असतात, पण ती शेवटी बघावीत.

एका जिपेच्या रेडिएटरवरून मिस्त्रीनं तळहात फिरवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. इंजिन गरम करून बंद केलं होतं, पंखा थांबला होता. वरून खाली हात सरकत गेला आणि मध्येच थांबला. "इथं पाय, भाऊ. थंडं लागते." सगळी जाळी ऊन आणि मधला पट्टाच गार, म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. वर्षानुवर्षं डब्यानं ओतलेल्या तळ्या-विहिरींच्या पाण्यातला गाळ आणि क्षार तिथे दगडासारखा बसला होता. ज्या पाण्यानं दर वेळी वाचवलं त्यानंच वाट बुजवली होती.

जुनं रेडिएटर पितळ-तांब्याचं, ही केवढी मोठी सोय. वरची टाकी झाळ वितळवून उघडता येते, एकेका नळीतून पातळ पट्टी घालून खरवड काढता येते आणि पुन्हा झाळून बसवता येतं. आजचं ॲल्युमिनियम-प्लास्टिकचं रेडिएटर एवढ्यासाठी भंगारात जातं. मला ही उघडता येणारी, हातानं दुरुस्त होणारी यंत्रं म्हणूनच प्रिय आहेत.

साफ झालेलं रेडिएटर बसवल्यावर जीप चढावर तोंड करून उभी करावी, म्हणजे आत अडकलेली हवा टोपीकडे येते. कूलंट आणि स्वच्छ, मऊ पाणी सावकाश भरावं, टोपी न लावता इंजिन चालू ठेवावं. बऱ्याच वेळानं थर्मोस्टॅट उघडतो, पातळी एकदम खाली जाते, तेवढं पुन्हा भरून टोपी लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, टोपी उघडून पाहायचं. पातळी कालच्याइतकीच असेल तरच प्रतापगडची सवारी घ्यायची.