माग किती वेळा थांबला

मालेगाव कॅम्प,
शुक्रवार

चि. छकुलीस,


तुझं हाताने बनवलेलं सुडोकू मिळालं. चौकटीच्या पानावर इतक्या नेटक्या रेघा, की खाडाखोड करवेना. म्हणून मोसम पुलाजवळ तीन झेरॉक्स काढल्या. दोन माझ्याकडून वाया गेल्या, तिसरी शेजारच्या, यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला दिली. आज माग बंद, त्यामुळे गडी सकाळपासून पेन्सिल घेऊन ओट्यावर बसलाय.

'चोवीसच आकडे दिलेत, अवघड आहे ना?' असं विचारतेस. त्या चोवीसचं मला कौतुक नाही. १७ पेक्षा कमी आकडे दिले तर सुडोकूचं उत्तर एकच राहत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांनी २०१२ साली संगणकाकडून तपासून घेतलं. पण सतरावाली काही कोडी सरळ सुटतात आणि तीस आकड्यांचं एखादं अख्खी दुपार खातं. अवघडपणा पायऱ्या मोजूनही कळत नाही. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं १९४९ मधलं ६१७४ आठवतं ना? कोणतेही चार अंक घे, सगळे सारखे तेवढे नकोत. मोठ्यात मोठ्या मांडणीतून लहानात लहान वजा करत जा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात वजाबाक्या. माणूस थक्क होतो, पण अडत कुठेच नाही.

जॉबरचा हिशेब मला पटला. "सर, कापड किती निघालं ते सोडा, माग किती वेळा थांबला ते बघा." तार तुटली की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची. तुझ्या कोड्यात माझा माग दोनदा थांबला.

पहिल्यांदा चौथ्या ओळीत. तिथे सातला दोनच घरं उरतात आणि दोन्ही मधल्या चौकोनात. म्हणजे त्या चौकोनात दुसरीकडे कुठेही सात बसणार नाही. एवढंसं दिसायला मला अर्धा तास लागला (चष्म्याला दोष देऊन पाहिला). दिसल्यावर मात्र दहा घरं भराभर भरली. ही जागा मुद्दाम ठेवली असशील तर शाबास. जपानच्या निकोलीवाले, १९८४ पासून सुडोकू छापणारे, हाताने रचलेल्या कोड्यांचा आग्रह धरतात तो अशाच जागांसाठी. अडवणारा कुणीतरी पलीकडे बसलाय, हे जाणवतं.

दुसऱ्यांदा थांबला तो सुरूच झाला नाही. शेवटची चार घरं बघ: दोन ओळी, दोन स्तंभ, दोन चौकोन, आणि चारींत ३ नाहीतर ८. अदलाबदल केली तरी चालतं. दोन उत्तरं! पोरी, हे राहून गेलंय. उत्तर तुला आधीच ठाऊक, म्हणून तुझी नजर तिथे अडलीच नाही. स्वतःच्या कोड्याची कठीणता स्वतः ठरवू नये ती याचसाठी. माझेही अंदाज असेच चुकलेत.

त्या चारांपैकी एक आकडा देऊन टाक. पण तुझी मांडणी निकोलीसारखी समोरासमोर जुळलेली आहे, म्हणजे त्याच्या समोरच्या घरातही द्यावा लागेल. ज्याचं समोरचं घर नाहीतरी सुरुवातीलाच भरतं, असं निवड. सव्वीस होतील, होऊ देत. चौथ्या ओळीतल्या साताला धक्का लावू नकोस.

नवी प्रत पुढच्या शुक्रवारच्या आत पाठव, जॉबर विचारतोय. झेरॉक्स तूच काढून पाठव.

तुझा
मामा