लाल-पिवळ्या झेंड्यामागे थिंफूपर्यंत

२२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर ओडिशानं माझ्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबला २-१ असं हरवलं आणि इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) आमचा सलग सहावा पराभव झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरनं आणि ड्युरँड चषकात शिलाँग लाजाँगनं आम्हाला लोळवलं होतं. म्हणजे ओळीनं आठ. लीगमध्ये एकही गुण नाही. प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात तीन सामन्यांतच राजीनामा देऊन गेलेले, त्यांच्या जागी ऑस्कर ब्रुझोन नुकतेच आलेले. आणि याच संघाला चार दिवसांनी भूतानच्या राजधानीत, थिंफूत, आशियाई क्लबांची एएफसी चॅलेंज लीग खेळायची होती. घरचे म्हणाले, दिवाळी सोडून हरायला कशाला जातोस? पण मला जायचंच होतं.

मराठी माणूस आणि ईस्ट बंगाल, हे कोडं मला नेहमी विचारलं जातं. वडिलांच्या नोकरीमुळे माझं बालपण दक्षिण कोलकात्यात गेलं. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातला गणपती आमचा, आणि गल्लीतला फुटबॉलही आमचाच. आमच्या गल्लीतली बहुतेक कुटुंबं फाळणीत बारिसाल, ढाका, फरीदपूर सोडून आलेली. आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागान क्लबचे ते ‘घोटी’, म्हणजे पश्चिम बंगालचे; आम्ही ‘बांगाल’, म्हणजे पूर्व बंगालचे. मोहन बागान जिंकला की बाजारात कोळंबी महागायची, आम्ही जिंकलो की इलिश मासा. १९२० मध्ये पूर्व बंगालच्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीच्या रागातून हा क्लब जन्मला. पण त्याच्या इतिहासातली सर्वांत लाडकी फळी, १९५० च्या सुमाराची ‘पंचपांडव’ म्हणून गाजलेली आप्पाराव, व्यंकटेश, धनराज, अहमद खान आणि सालेह ही पाच नावं, सगळीच्या सगळी दक्षिण भारतातली. ज्या क्लबनं त्यांना पोटच्या पोरांसारखं मानलं, तिथं मला कधी परकं वाटलं नाही.

निघायलाच उशीर झाला. ‘दाना’ चक्रीवादळ २५ तारखेच्या पहाटे ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलं, सियालदहच्या लोकल रात्रभर बंद राहिल्या, आणि भूतानच्या पारो एफसीविरुद्धचा पहिला सामना मला घरीच बसून पाहावा लागला. २-२ अशी बरोबरी. आठ पराभवांनंतर तीही गोड लागली. त्याच संध्याकाळी सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेस पकडली. डब्यात लाल-पिवळे जर्सीवाले मोजकेच होते. समोरच्या बर्थवर एक वयस्कर गृहस्थ, मूळ बारिसालचं घराणं. ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : “दादा, यंदा मी कुणालाही शिव्या घालायच्या नाहीत असं ठरवलंय. शिव्या घालून घालून घसा बसला.” मग बर्धमान येईपर्यंत त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या.

त्यांचा राग खोटा नव्हता. २००३ मध्ये जाकार्तात बीईसी तेरो सासानाला ३-१ हरवून आसियान क्लब अजिंक्यपद जिंकणारा हाच क्लब. सुभाष भौमिक प्रशिक्षक, बायचुंग भुतिया आघाडीला. २००३-०४ ची राष्ट्रीय लीगही आमची. त्यानंतर देशाचं लीग विजेतेपद तोवर पुन्हा मिळालं नव्हतं. २०१८ नंतर गुंतवणूकदार तीनदा बदलले : क्वेस, मग श्री सिमेंट, मग इमामी. प्रत्येक वेळी करारावरून महिनोन्महिने ओढाताण, संघबांधणीला उशीर आणि मोसमाच्या तोंडावर धावाधाव. आयएसएलमध्ये आल्यापासून तोवरचे आमचे क्रमांक असे : नववा, अकरावा, नववा, नववा. जानेवारी २०२४ मध्ये ओडिशाला त्यांच्याच मैदानावर ३-२ हरवून सुपर कप जिंकला, बारा वर्षांनंतरचा पहिला राष्ट्रीय करंडक, तेव्हा वाटलं होतं की आता वळण आलं. त्या जेतेपदामुळेच तर आम्ही आशियाई स्पर्धेत होतो. गृहस्थ म्हणाले, “करंडक एखाद्या महिन्यात जिंकता येतो. क्लब चालवायला वर्षं लागतात.” मला ते पटलं, अजूनही पटतं.

सकाळी सेवकपाशी गाडीनं तिस्ता ओलांडली. हिरवट-राखाडी पाणी, डाव्या हाताला डोंगर थेट रुळांवर आलेला. पुढे डुआर्सचे चहाचे मळे आणि चापरामारीचं जंगल. हत्तींच्या वाटेवर गाडी मुद्दाम हळू चालवतात. मादारीहाट मागे पडलं आणि हासीमारा आलं. तिथून जीपनं जयगाव. जयगाव म्हणजे गजबज, हॉर्न, हातगाड्या. रंगीत कमान ओलांडली की फुंतशोलिंग, दुसरा देश. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पण रात्रीमागे माणशी १,२०० रुपयांचं विकास शुल्क भरावं लागतं. कोलकात्याच्या गॅलरीत चाळीस रुपयांच्या घुगनीवर (वाटाण्याची उसळ) सामना काढणाऱ्या आमच्या किती मित्रांना हे झेपणार? आम्ही इतके थोडे का होतो, ते तिथं शुल्काच्या खिडकीपाशी कळलं. घड्याळ अर्धा तास पुढे केलं आणि मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशीचा थिंफूचा रस्ता या प्रवासाचा मेरुमणी. साठच्या दशकात आपल्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पानं तो डोंगरातून खोदून काढला. गेदूपर्यंत ढगात, मग उतार, मग खाली चुखाची जलविद्युत, तीही भारताच्या मदतीनं उभी राहिलेली. पुढे छुझोमला पारो छू आणि वांग छू यांचा संगम. तिथे तिबेटी, नेपाळी आणि भूतानी अशा तीन घडणींचे तीन छोर्तेन (स्तूप) शेजारी शेजारी उभे आहेत. आमचे बारिसालवाले गृहस्थ तिथं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, संगम पाहिला की मला मेघना आठवते, जी मी कधी पाहिलेलीच नाही.

थिंफूत वाहतुकीचे सिग्नल नाहीत. चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली पोलीस हातमोजे घालून हातवारे करतो आणि गाड्या ऐकतात. गाव साधारण २,३०० मीटरवर. चांगलिमिथांग स्टेडियमच्या पायऱ्या चढतानाच छाती भरून आली, तेव्हा खेळाडूंचं काय होत असेल! हे मैदान १९७४ मध्ये चौथ्या राजांच्या राज्याभिषेकासाठी बांधलं. २००२ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशीच जगातल्या तळाच्या दोन संघांचा, भूतान आणि माँटसेराटचा सामना इथंच झाला होता, आणि भूताननं तो ४-० जिंकला होता. कृत्रिम गवत, मागे डोंगर, डोंगरावर बुद्ध दोर्देन्माची सोनेरी मूर्ती.

२९ तारखेला समोर होता ढाक्याचा बशुंधरा किंग्ज. हा सामना मी जन्मभर विसरणार नाही. ज्या मुलुखाचं नाव आमच्या क्लबला आहे, तो मुलूख आता दुसऱ्या देशात आहे, आणि त्या देशाचा विजेता संघ आमच्यासमोर तिसऱ्याच देशात उभा. शिवाय ब्रुझोन कालपर्यंत त्यांचेच प्रशिक्षक, त्यांना लागोपाठ लीग जिंकून देणारे. पलीकडे बसलेल्या ढाक्याच्या दोन तरुणांशी आमच्या गृहस्थांचं बोलणं सुरू झालं. त्यांच्या तोंडची बोली ऐकून ते थरथरले. “माझी आजी असं बोलायची,” एवढंच म्हणाले.

आणि पहिल्याच मिनिटाला दिमित्रिओस दियामांताकोसनं गोल केला. विसाव्या मिनिटाला सौविक चक्रवर्तीनं दुरून सणसणीत फटका मारला. मग नंदकुमार. मग अन्वर अली. पस्तीस मिनिटांच्या आत ४-०, आणि शेवटपर्यंत तेवढंच. मी ओरडत नव्हतो, नुसता उभा होतो. हेच अकरा जण दहा दिवसांपूर्वी कोलकात्यात सॉल्ट लेकला चेंडू पुढे ढकलायला घाबरत होते, यावर विश्वास बसत नव्हता. ढाक्याची पोरं जाताना गृहस्थांच्या पाया पडून गेली.

मधले दिवस शहरात भटकलो. स्टेडियमशेजारच्या मैदानावर घो हा पारंपरिक झगा घातलेली माणसं दूरच्या लक्ष्यावर बाण सोडतात आणि नेम लागला की नाचतात. मिरची-चीजची एमा दात्शी खाल्ली. मिरची तिथं तोंडीलावणं नसून भाजीच आहे.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. प्रतिस्पर्धी बैरूतचा नेज्मेह. त्यांच्या शहरावर सप्टेंबरपासून बाँब पडत होते. अशा अवस्थेत हा संघ इतक्या दूर येऊन खेळत होता. त्यांच्या खेळाडूंकडे पाहताना आपल्या क्रमांकांचं दुःख बोलून दाखवायची लाज वाटली. पंधरा मिनिटांत आम्ही २-० पुढे होतो, मध्यंतराला २-२. जुनी भीती परत पोटात आली. ७७ व्या मिनिटाला पेनल्टी, दियामांताकोस, ३-२. गटात अव्वल आणि थेट उपांत्यपूर्व फेरी. लाल-पिवळे झेंडे घेऊन आलेली आम्ही मूठभर माणसं कठड्याशी गेलो. खेळाडू आले. कुणी भाषण केलं नाही, हात हातात घेतले.

इथं थांबलो असतो तर गोष्ट सुखाची झाली असती. पण मोसम पुढे होता. ९ नोव्हेंबरला लीगमध्ये मोहम्मडनविरुद्ध सामना संपायला तासभर बाकी असतानाच आमच्या दोघांना लाल कार्ड मिळालं, नऊ जण छातीचा कोट करून ०-० खेळले. लीगमधला पहिला विजय २९ नोव्हेंबरला उजाडला, नॉर्थईस्टविरुद्ध १-०. मार्चमध्ये तुर्कमेनिस्तानच्या अर्कादागनं कोलकात्यात १-० आणि तिकडे २-१ हरवून आशियातला प्रवास संपवला. एप्रिलमध्ये सुपर कपचा पहिलाच सामना केरळ ब्लास्टर्सविरुद्ध २-० असा गमावला. करंडक हातचा गेला.

थिंफूनं मला एक गोष्ट दाखवली : खेळाडूंत दम होता. नवा प्रशिक्षक येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असताना हा संघ आशियात गट जिंकू शकत असेल, तर त्याला लीगच्या तळाशी बसवणारं कारण मैदानाबाहेरचं आहे. म्हणून क्लब चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे : संघ वेळेवर बांधा, प्रशिक्षकाला किमान दोन मोसम द्या, आणि करारांची भांडणं जूनच्या आत मिटवा. २०२४-२५ ची आयएसएल ईस्ट बंगालनं तेरा संघांत नवव्या क्रमांकावर संपवली.