पाद्री कोडीची चूक

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नोटा तपासायचं जांभळ्या उजेडाचं यंत्र आहे. एका संध्याकाळी मी त्याखाली पाचशेची नोट नाही, ड्रॅक्युला धरला. दुकानदार ओळखीचा, त्यामुळे त्याने फक्त भुवई वर केली.

पुस्तक ग्रॉसेट अँड डनलॅप या अमेरिकन प्रकाशकाचं. बेला लुगोसी या नटाचा ‘ड्रॅक्युला’ चित्रपट १९३१ साली आला, तेव्हा त्यातले फोटो घालून काढलेली स्वस्त आवृत्ती. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ते मी ‘मूळ जॅकेटसह’, म्हणजे वरच्या सुट्या कागदी वेष्टनासह, असं वाचून मागवलं होतं आणि त्या दोन शब्दांसाठी पुस्तकाच्या चौपट पैसे मोजले होते. यंत्राखाली पुस्तकाची पानं मंद, मळकट राहिली. जॅकेट मात्र नव्या पावडरीत धुतलेल्या शर्टासारखं निळंपांढरं झळकलं. ही उपमा नव्हे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी रसायनं घालतात, त्याच जातीची रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात पडू लागली. १९३१च्या कागदात ती असायचं कारण नाही.

घरी येऊन भिंग लावलं. जुन्या छपाईत ठिपके ओळीने बसतात, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. इथे ते सांडलेल्या रांगोळीसारखे विखुरलेले होते, म्हणजे इंकजेट. मग मोजपट्टी काढली. जॅकेटचा आत दुमडलेला फ्लॅप खालच्या बाजूने तीन मिलिमीटर कमी भरला. नक्कल करणारे प्रामाणिक लोक फ्लॅपच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रतिकृती’ असं छापतात. कुणीतरी नेमकी तेवढीच पट्टी कापून टाकली होती. पैसे परत मिळाले, टपालखर्च बुडाला.

माझा राग जॅकेट नकली असल्याचा नव्हता. नकला मीही करतो. पुण्यात प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईच्या आधीच्या कामात, स्कॅनिंग आणि रिटचिंग करण्यात माझी हयात गेली. भयकादंबऱ्या जमवायचा नाद कॉलेजपासूनचा. दोन्ही एकत्र आले आणि मी जुन्या पुस्तकांना कपडे शिवणारा शिंपी झालो. राग त्या तीन मिलिमीटरचा होता.

जॅकेट या वस्तूचा जन्मच मुळी टाकून देण्यासाठी झाला. आज ज्ञात असलेलं सर्वांत जुनं जॅकेट ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. ‘फ्रेंडशिप्स ऑफरिंग’ नावाच्या वार्षिकाचं, १८३० सालच्या अंकाचं. त्याने पुस्तक पार्सलसारखं सगळीकडून लपेटलेलं असे आणि वर लाखेचं सील. वाचायचं तर फाडायलाच हवं. त्याच्या आधी हा मान ‘द कीपसेक’ या वार्षिकाच्या १८३३च्या वेष्टनाकडे होता. ते जॉन कार्टर या ग्रंथपारख्याला १९३४ साली सापडलं आणि पुढे बोडलियनकडे नेताना वाटेतच हरवलं! शंभरहून जास्त वर्षं टिकलेला कागद प्रवासात गहाळ होतो, हे वाचल्यापासून मी कुरिअरवाल्याला दोनदा फोन करतो.

दिवाळी अंकाच्या वाचकाला यातली एक गोष्ट आवडावी. ही दोन्ही वार्षिकं नाताळच्या तोंडावर, पुढल्या सालाचा आकडा लावून निघत. भेट द्यायची, दिवाणखान्यात ठेवायची, कथा-कविता-चित्रांनी भरलेली. ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९चा, म्हणजे हे आपल्या अंकांचे दूरचे आजोबाच. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी मेरी शेली ‘कीपसेक’ची नेहमीची लेखिका होती. अमरत्वाचं औषध पिऊन बसलेल्या माणसाची तिची कथा १८३४च्या अंकात आली. भयकथा आणि सणाचा अंक यांची सोयरीक अशी जुनी आहे.

विसाव्या शतकात जॅकेटवर चित्रं, फ्लॅपवर मजकूर, किंमत हे सगळं सर्रास झालं, तरी लोक ते फेकतच राहिले. जे फेकलं जातं तेच पुढे महाग होतं. पहिल्या आवृत्तीचं उघडं पुस्तक आणि जॅकेटातलं पुस्तक यांच्या किमतीत पाच-दहा पटींचं अंतर सहज पडतं. भयकथाकार लव्हक्राफ्ट १९३७ साली गेला तेव्हा त्याच्या कथा मासिकांत विखुरलेल्या होत्या. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वांड्रे या त्याच्या दोन चाहत्यांनी विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीत आर्कम हाउस नावाने घरचीच प्रकाशनसंस्था काढली आणि १९३९ साली ‘दि आउटसायडर अँड अदर्स’ छापलं. प्रती १,२६८, किंमत पाच डॉलर, जॅकेटवर व्हर्जिल फिनलेची चित्रं. एवढ्या प्रती खपायला काही वर्षं लागली. आज जॅकेटासकट प्रत घ्यायची तर मला फ्लॅटचा एखादा कोपरा विकावा लागेल. म्हणून माझ्याकडे त्याचं फक्त जॅकेट आहे, नक्कल, कोऱ्या पानांच्या डमीवर चढवलेलं. पाहुणे अदबीने उघडतात आणि आत काहीच नाही म्हटल्यावर दचकतात. लव्हक्राफ्टला हे आवडलं असतं.

पण जॅकेटचं वेड समजून घ्यायचं तर स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ बघावी. डबलडेने ती १९७५ साली काढली. जॅकेट छापून झालं, फ्लॅपवर किंमत ८.९५ डॉलर. मग कुणाच्या तरी मनात आलं की महाग होतंय. कोपरे कापले आणि ७.९५ छापलं. कोपरा न कापलेल्या मोजक्याच प्रती बाहेर निसटल्या. शिवाय फ्लॅपच्या मजकुरात एक घोळ होता. कादंबरीतला पाद्री कॅलहन, कोडी हा डॉक्टर. मजकूर लिहिणाऱ्याने पाद्र्याचं नाव कोडी करून टाकलं. पुढल्या जॅकेटवर चूक सुधारली, म्हणजे अर्थातच चुकीचं जॅकेट जास्त मोलाचं झालं. आमच्या धंद्यात प्रूफ तपासणाऱ्याची एक डुलकी अशी पुढच्या पिढीला पैसे देऊन जाते, स्वतःला मात्र बोलणी खायला लागतात.

यात आणखी एक गंमत आहे. एरवी कोपरा कापलेलं जॅकेट दिसलं की संशय घ्यायचा. बुक क्लब सभासदांसाठी जी स्वस्त आवृत्ती काढतात तिच्यावर चित्र तेच असतं, फक्त किंमत नसते. कोपरा उडवला की किंमत होती की नव्हतीच हे कळायला मार्ग उरत नाही. तेव्हा जॅकेट उतरवून मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवायचं. छोटा खड्डा लागला तर बुक क्लब. ‘सालेम्स लॉट’मध्ये मात्र कात्री प्रकाशकानेच चालवलेली, त्यामुळे कापलेला कोपराच अस्सलपणाची खूण. माझी प्रत अर्थात बुक क्लबची आहे.

याच कादंबरीवर नारायण धारपांनी ‘लुचाई’ बेतली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मी आधी ‘लुचाई’ वाचली. वाचनालयाची प्रत, खाकी रेक्झिनमध्ये बांधलेली, कण्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक. मूळ मुखपृष्ठ कसं होतं, पत्ता नाही. बाइंडरने जॅकेट काढून टाकलं होतं आणि त्यात त्याचा दोष नव्हता. शंभर हातांतून जाणाऱ्या पुस्तकाला टिकायचं असेल तर रेक्झिनच लागतं. पण त्यापायी दलाल आणि मुळगावकर यांची किती मुखपृष्ठं बाइंडरच्या टेबलाखाली गेली असतील! गोव्यातून आलेल्या या दोन चित्रकारांनी मराठी पुस्तकाला चेहरा दिला, आणि तो चेहरा आपण शिस्तीत सोलून काढला.

नक्कल कशी करतात ते थोडक्यात. जॅकेट सपाट करून ६०० डीपीआयला स्कॅन करायचं. जुन्या छपाईची जाळी आणि नव्या छपाईची जाळी एकमेकींवर बसली की चित्रावर लाटा उठतात, म्हणून जुनी जाळी आधी मोडावी लागते. फार मोडली तर चेहरे मेणाचे दिसतात. कणा कपाटात कायम उजेडाकडे, त्यामुळे तिथला लाल आधी उडतो आणि रक्ताच्या थेंबांचे वरणाचे डाग होतात. खरा लाल शोधायचा तर आत दुमडलेल्या फ्लॅपवर शोधायचा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. मग कागद. १२० जीएसएम, मॅट, आणि त्याचे धागे कण्याच्या उंचीच्या दिशेने. उलटे पडले तर फ्लॅप कितीही दाबा, सकाळी पाहावं तर उठून बसलेला असतो. कण्याचं माप एक मिलिमीटर चुकलं तरी नाव घसरून पुठ्ठ्यावर येतं. लॅमिनेशन करायचं नाही. हौशी मंडळी हमखास करतात, आणि १९७५चं पुस्तक लग्नाच्या अल्बमसारखं चमकू लागतं.

सगळ्यात शेवटी ‘प्रतिकृती’ आणि साल. मी ते फ्लॅपच्या कडेला न टाकता मजकुराच्या मधल्या ओळींत टाकतो. कापायचं म्हटलं तर मजकुराला भोक पडेल. गिऱ्हाइकांना हे रुचत नाही. एकाने सरळ विचारलं, ते शब्द वगळून किती घ्याल? त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. फाटलेल्या अस्सल जॅकेटला मी हातही लावत नाही. नक्कल वर चढवायची आणि फाटकं जॅकेट घडी न करता पाकिटात, पुस्तकाशेजारी.

मराठी मुखपृष्ठांच्या नकला मी विकत नाही. आपल्याकडे चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दलाल १९७१ साली गेले, मुळगावकर १९७६ साली. ते हक्क संपेपर्यंत फक्त स्कॅन करून ठेवतो. माझ्या संगणकावर धारपांचा एक फोल्डर आहे, आणि ‘लुचाई’ची जागा अजून रिकामी आहे. कुणाच्या माळ्यावर तिची जुनी प्रत वेष्टनासकट असेल तर ते फाटलंय, चहा सांडलाय, मागे मुलांनी गणितं केलीत म्हणून टाकू नका. आणि कृपा करून सेलोटेप लावू नका.