अंथरूण पाहून सहल

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. मुलांचा हट्ट आणि मोठ्यांचा हिशेब. पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचे गाव, फार तर एखादी सर्कस. आता मुलांच्या तोंडी थीम पार्कची नावे असतात. एकदा जाऊन आलेले मूल पुन्हा कधी जायचे, हे परतीच्या वाटेवरच विचारते. पगार मात्र ठरलेला असतो. अशा वेळी मुलांना नेहमी नाही म्हणायचे, की कर्ज काढून हौस करायची?

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. आय.एन.ए. मार्केट आणि सरोजिनी नगर येथून हाकेच्या अंतरावर. येथील एका क्वार्टरमध्ये राहणारे मराठी कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. घरात आजी, तिचा मंत्रालयात नोकरी करणारा मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे. पगार वेळेवर येतो आणि वेळेवर संपतोही.

या घरातल्या बाबांनी स्वतःच्या लहानपणी प्रगती मैदानावरचे अप्पू घर पाहिले होते. 1982 च्या आशियाई खेळांचा शुभंकर असलेल्या अप्पू हत्तीचे नाव त्याला दिले होते. 19 नोव्हेंबर 1984 रोजी ते सुरू झाले आणि फेब्रुवारी 2008 मध्ये कायमचे बंद झाले. निकालाच्या दिवशी वडील वर्षातून एकदा तेथे नेत. ती एक फेरी वर्षभर पुरत असे.

त्यांच्या मुलीला मात्र एक फेरी पुरेना. 2023 च्या एप्रिलमध्ये वर्गातील एका मैत्रिणीचा वाढदिवस नोएडातील पार्कमध्ये झाला. तेथून आल्यावर तिने जेवताना सरळ विचारले, "बाबा, आपण गरीब आहोत का?"

बाबांचा घास हातातच राहिला. आजी म्हणाली, "काहीतरीच काय विचारतेस! जेव मुकाट्याने." पण आईला वाटले, नऊ वर्षांच्या मुलीला प्रश्न पडतो, तर तिला हिशेबही समजेल. त्या रविवारी घरखर्चाची वही मुलीपुढे उघडली गेली. घरभाडे, किराणा, शाळेची बस, आजीची औषधे, गावी पाठवायचे पैसे. शेवटी जे उरले, ते मुलीने स्वतः मोजले. पाचजणांची पार्कची तिकिटे त्यात बसेनात.

"पण आजी तर पाळण्यात बसणारच नाही. तिचे तिकीट कशाला?" मुलीने विचारले.

प्रश्न रास्त होता. अमेरिकेत 1955 साली डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा प्रवेशाचे तिकीट स्वस्त होते आणि प्रत्येक राईडचे वेगळे. ज्याला नुसते बाकावर बसून मुलांची मजा पाहायची, त्याचे थोडक्यात भागे. 1982 पासून तेथे एकच दिवसभराचे तिकीट आले. आपल्याकडच्या मोठ्या पार्कमध्येही बहुधा हीच पद्धत आहे. दहा राईड घेणाऱ्याला ती परवडते. पण पिशव्या सांभाळायला आलेल्या माणसालाही जवळजवळ तेवढेच पैसे पडतात. त्यावर करही असतो. 2017 मध्ये तो 28 टक्के होता, जानेवारी 2018 मध्ये 18 टक्क्यांवर आला.

मग या घराने ठरवले की, मोठी सहल दोन वर्षांतून एकदाच. मधल्या काळात दर महिन्याला एक छोटी सहल, तीही घराजवळ.

दोन वर्षांचा हिशेब असाच धरलेला नव्हता. सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलत, म्हणजे एल.टी.सी., मिळते. चार वर्षांच्या गटात साधारणपणे दोनदा मूळ गावी जाता येते, किंवा त्यातील एका वेळी भारतात कुठेही. मात्र सरकार फक्त जवळच्या मार्गाचे प्रवासभाडे देते. राहणे, जेवण, फिरणे आपल्या खिशातून. निजामुद्दीनहून निघणारी गोवा एक्स्प्रेस पुण्यावरून साताऱ्याला जाते. 2013 पासून खोपोलीजवळ सुरू असलेले इमॅजिका पुण्याहून दोनेक तासांवर. म्हणजे गावाला जाता जाता पुण्याला उतरले, तर जास्तीचा खर्च उरतो तो तिकिटांचा आणि खोपोलीच्या जाण्यायेण्याचा. मुक्कामाला पुण्यात आजीची बहीण होतीच.

त्यासाठी बँकेत दरमहा पाचशे रुपयांचे आवर्ती खाते उघडले. चोवीस महिन्यांत बारा हजार आणि वर व्याज. मोठी रक्कम नव्हे, पण कोणाचे देणे नव्हते.

मधल्या काळात मोहही झाला. ओळखीचा एक एजंट म्हणाला, "साहेब, हॉटेलचा खर्चही तिकिटात दाखवून देतो. सगळेच करतात." बाबा त्या रात्री बराच वेळ जागे होते. पाचशे रुपयांत दोन वर्षे थांबण्यापेक्षा हे किती सोपे! पण 1988 च्या एल.टी.सी. नियमांत खोटा दावा केल्यास शिस्तभंगाची कारवाई आहे, आणि दोष ठरला तर पुढच्या दोन सवलतीही जातात. शिवाय मुलीपुढे वही उघडून ठेवलेली. त्यात हा आकडा लिहायचा कसा? एजंटला नकार गेला.

छोट्या सहली सुरू झाल्या. चाणक्यपुरीतील 1977 सालचे रेल्वे संग्रहालय, तेथील छोटी आगगाडी आणि पतियाळा संस्थानची एकरूळी गाडी. 1959 पासूनचे प्राणिसंग्रहालय. सराय काले खाँजवळचे, 2019 मध्ये सुरू झालेले, भंगारातून जगातील सात आश्चर्ये उभारणारे उद्यान. प्रवासाला मेट्रो किंवा बस. डब्यात पोळी, बटाट्याची भाजी. मुलांची कुरकुर पहिल्या दोन-तीन वेळाच झाली.

वही मुलगी लिहीत असे. कोण आले, काय पाहिले, किती लागले. वर्षभराने ती पाने उलटताना तिला एक गोष्ट दिसली. नऊ सहलींपैकी सहा सहलींत आईचे नावच नव्हते. "मला घरी कामे आहेत", "तुम्ही जाऊन या", "मला काय त्यात आवड!" प्रत्येक वेळी कारण वेगळे, पण वाचलेले तिकीट आईचेच.

मुलीने वही बाबांपुढे धरली. बाबांनी पाने चाळली. बचत कशी जमते, याचा त्यांना जरा अभिमानच वाटत होता. ती कोणाच्या वाट्यातून होत होती, हे त्यांनी कधी मोजले नव्हते.

"अहो, मी कुठे तक्रार केली?" आई म्हणाली.

"तू केली नाहीस, म्हणूनच कळले नाही," बाबा म्हणाले.

आजीने मात्र वेगळेच सांगितले. "तुझे सासरेही मुलाला घेऊन अप्पू घरात जायचे. मी कधी गेले नाही. मला कोणी नको म्हटले नव्हते. पण चल असेही कोणी म्हटले नाही."

त्या दिवसापासून वहीचा नियम बदलला. खर्च कमी करायचा तर सहलीची संख्या कमी करायची, जागा जवळची निवडायची किंवा थोडे थांबायचे. माणूस कमी करायचा नाही. ज्याला खरोखर यायचे नसेल, त्याने स्वतः तसे म्हणावे आणि सलग दोनदा म्हणू नये. दरमहाची सहल दीड-दोन महिन्यांवर गेली, पण सगळे जाऊ लागले.

थांबण्याचे एक कारण दाराच्या चौकटीवरही होते. बऱ्याच पार्कमध्ये मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. मोठ्या राईडना साधारण 120 ते 140 सेंटिमीटर उंचीची अट असते. पाच वर्षांच्या मुलाला घाईने नेले, तर तिकीट भरून तो खालीच उभा राहणार. म्हणून चौकटीवर पेन्सिलची रेघ मारली होती. दर महिन्याला धाकटा तिला पाठ लावून उभा राही.

मे 2025 मध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी, हे कुटुंब खोपोलीला पोहोचले. शनिवार-रविवारपेक्षा गर्दी कमी. धाकट्याने 120 ची रेघ नुकतीच ओलांडली होती. त्याला सगळ्यांत मोठा पाळणा मिळाला नाही, पण बाकीचे पुष्कळ मिळाले. आजी पुण्यातच थांबली. बहिणीची भेट सहा वर्षांनी होत होती. "हे माझे मी ठरवलेय हो," असे तिने वहीत लिहायला लावले. आधीच्या रेल्वे संग्रहालयाच्या फेरीला मात्र ती छोट्या आगगाडीत खिडकीशी बसली होती.

आईने आधी पिशवी धरून उभे राहण्याची तयारी केली होती. मुलीने ती पिशवी बाबांच्या हातात दिली आणि आईला रांगेत ओढले. पाळणा वर गेला, तेव्हा आईने डोळे घट्ट मिटले. खाली आल्यावर तिचे केस विस्कटले होते, घसा बसला होता. ती म्हणाली, "अजून एकदा जाता येते का?" दिवसभराचे तिकीट असल्याने जाता येत होते. ती तीनदा जाऊन आली.

दिल्लीला परतल्यावर खात्यात फारसे काही उरले नव्हते. जूनमध्ये पाचशे रुपयांचे नवे आवर्ती खाते सुरू झाले. मुलीने वहीच्या नव्या पानावर रकाने आखले आणि पहिल्या रकान्यात आईचे नाव लिहिले.