जाळ नसलेली शेगडी

आमच्या घरात इंडक्शनची शेगडी आली ती हौसेनं नव्हे, भीतीनं.

२०१८ ची दिवाळी तोंडावर आली होती. पहाटे पाचाला उठून दूध तापत ठेवायचं, ही आईची जन्माची सवय. त्या दिवशी दूध ठेवून ती न्हाणीत गेली. दूध उतू गेलं, जाळ विझला आणि गॅस तसाच सुटत राहिला. मी जागा झालो तो वासानं. स्वयंपाकघरात आलो तर आई काडेपेटी हातात घेऊन उभी. सर्दीनं तिचं नाक बंद होतं. "गॅस संपला का बघ की रं," म्हणत ती काडी ओढणार, एवढ्यात मी तिचा हात धरला. खिडक्या-दारं उघडून आम्ही दोघं अंगणात येऊन बसलो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "आता माझ्या हातात इस्तव द्यायचा न्हाई, व्हय?"

मला ते लागलं. कारण तिचा सगळा जन्म विस्तवाशीच गेलेला. माहेरी चूल, तुराट्या आणि शेणी. लग्न होऊन माधवनगरला आली तेव्हा गावात मागांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा. दादा मागावर रात्रपाळी करायचे. ते पहाटे आले की त्यांना गरम भाकरी लागायची. पुढं भुशाची शेगडी झाली, स्टोव्ह झाला, मग गॅस. जाळ बघून तिला कळायचं, काय किती शिजलं ते.

तरी मी सांगलीच्या बाजारातून इंडक्शन आणलंच. ओट्यावर ठेवलं, तशी आई लांबूनच बघायला लागली. "जाळ न्हाई, धग न्हाई. ही कसली शेगडी?" आमच्या वायरमननं तिला समजावलं. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सारखी दिशा बदलत फिरते, त्यानं भांड्याच्या बुडातच वीज खेळायला लागते आणि बूड तापतं. काच तापते ती भांड्यामुळं. फॅरेडे नावाच्या साहेबानं १८३१ मध्ये हे तत्त्व शोधलं, असंही त्यानं ऐकवलं. आईनं एवढंच विचारलं, "मग माझं पितळेचं पातेलं चालंल का?"

नाही चालायचं. ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं चालतं. नातवानं जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं आणि दोघं मांडणीपुढं बसली. पितळेचं पातेलं, नाही. दुधाचं ॲल्युमिनियमचं भगुलं, नाही. स्टीलच्या डब्यांतही काही चिकटले, काही नाही. लग्नात आलेली भांडी एकेक करून बाजूला जायला लागली, तसा आईचा चेहरा उतरत गेला. शेवटी तिच्या आईचा लोखंडी तवा निघाला. चुंबक टक्कन चिकटलं. "हे बघ, माझ्या आयचा चालतोय!" ती हसली. पण तवा बुडाला गोल. मधे भाकरी करपे अन् कडा कच्च्या राहत. म्हणून सपाट बुडाचा दुसरा आणावा लागला.

पहिले काही महिने आईनं शेगडीला हात लावला नाही. चहा आम्हीच करायचो. त्यात मी दोन चुका केल्या. एक, साध्या पाच अँपिअरच्या प्लगात पिन घातली. दोन हजार वॉटचा भार, पिन काळी पडली. मग सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. दुसरी, शेगडी भिंतीला चिकटवून ठेवली. खालून हवा मिळेना, म्हणून ती तापून मधेच बंद पडायची.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. सांगलीच्या गावभागातली माझी आत्या लेकरांबाळांसह नेसत्या कपड्यांनिशी आमच्याकडं आली. घरात चौदा माणसं. आमच्या घरापर्यंत पाणी नव्हतं, पण दुसऱ्याच दिवशी सिलिंडर संपला आणि गाडी येण्याची आशा नव्हती. ओली लाकडं पेटेनात. वीज मात्र येऊन-जाऊन होती.

आई उठली. "वन्सं, बसा. च्या ठेवते." आणि तिनं स्वतः इंडक्शनचं बटण दाबलं. वीज आहे तोवर आधी आमटी, मग भात, मग भाकऱ्या. जाळावर शेकायची सोय नव्हती, तर पाणी लावलेली बाजू सुकल्यावर तिनं भाकरी उलटली, दुसरी बाजू भाजली आणि परत उलटून फडक्यानं कडा दाबत फिरवली. तव्यावरच भाकरी टम्म फुगली. आत्या दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवली. आई तिच्याकडं बघत बसली होती.

पूर ओसरला, आत्या चिखल काढायला घरी गेली. शेगडी मात्र त्या दिवसापासून आईची झाली. आता तिचे नियमही तिचेच. रिकामं भांडं ठेवायचं नाही. भांडं काचेवरून ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. उतू गेलं तर बटण बंद करून, काच निवल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं, पाणी ओतायचं नाही. तारेच्या घासणीनं तर मुळीच घासायचं नाही. खालच्या जाळीत झुरळं ऊबेला शिरतात, म्हणून रात्री शेगडी कोरडी करून वर उचलून ठेवायची.

आणि स्वयंपाक झाला की लगेच पिन काढायची नाही, आतला पंखा थांबेपर्यंत थांबायचं. नातू घाई करतो, तशी ती म्हणते, "आरं, दम धर. पूर्वी आम्ही निजायच्या आधी इस्तव राखेनं झाकायचो. तसंच हाय हे." मग घरघर थांबते, ती पिन काढते, गॅसचं रेग्युलेटर एकदा हातानं चाचपते आणि दिवा मालवते.