सिरीज बोर्ड

दहावीनंतर गणित सुटलं, याचा आनंद मी बरेच दिवस पुरवून पुरवून घेतला. आमच्याकडे डॉक्टर व्हायचं म्हटलं की पोरगं बी ग्रुप घेतं: भौतिक, रसायन, जीवशास्त्र. गणिताचा तास सुरू झाला की आम्ही बाहेर. भौतिकशास्त्र त्या गणिताच्याच पायांवर चालतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. वडिलांची बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात सोयाबीन-कपाशीची कोरडवाहू शेती, एका विहिरीचा काय तो आधार. जीवशास्त्र मी धडाधड पाठ करायचो, म्हणून भौतिकही पाठच केलं. सूत्रं पाठ, सोडवलेली उदाहरणं पाठ, काही उदाहरणांची तर नुसती उत्तरं पाठ.

त्यात अकरावी म्हणजे दहावी-बारावीच्या मधला विसावा, अशी रीतच होती. राज्याच्या सीईटीचा सगळा भर बारावीवर, शिवाय चुकलेल्या उत्तराला गुण कापत नसत. अंदाजाने गोळा काळा केला तरी बिघडत नसे. २०१६ साली हे सगळं फिरलं. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने नीट, म्हणजे देशभरासाठीची एकच वैद्यकीय प्रवेश परीक्षा, त्याच वर्षी घ्यायला सांगितलं. मे महिन्यात केंद्राचा अध्यादेश निघाला आणि राज्यांच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली. आम्ही तेव्हा बारावीत जाणारे. सवलत संपणार ती नेमकी आमच्यापाशी. ७२० गुणांत भौतिकचे १८०, प्रश्न ४५, बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. अभ्यासक्रम दोन्ही वर्षांचा. न्यूटनचे नियम, घर्षण, कार्य आणि ऊर्जा, वर्तुळाकार गती हे सगळं माझ्या विसाव्यात गेलेलं होतं.

७ मे २०१७ला औरंगाबादच्या केंद्रावर मी तो पेपर दिला. जीवशास्त्राने कमावलं ते भौतिकने घालवलं. निकालानंतर घरात कुणी रागावलं नाही, आणि तेच जास्त जड गेलं.

पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवून घरी होतो, तेव्हा काकांची गाठ पडली ती मोटारीमुळे. तशी ओळख होतीच. शेजारच्याच गल्लीत घर, तालुक्याच्या आयटीआयमधून वीजतंत्री ट्रेडचे निदेशक म्हणून निवृत्त झालेले, आणि आता घराच्या पुढच्या खोलीत जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरून देणारे. मूळचे जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातले, त्यामुळे बोलण्यात आमच्या घाटावरच्यांपेक्षा वऱ्हाडीची धार जास्त. आयटीआय म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही त्याची जागा, असं माझं तेव्हाचं मत होतं. ते मी बोलून दाखवलं नव्हतं, पण चेहऱ्यावर असणारच.

विहिरीवरची मोटार जळाली होती. वडिलांनी ती घेऊन मला पाठवलं आणि काम होईपर्यंत तिथेच बसायला सांगितलं. काकांच्या टेबलावर एक लाकडी बोर्ड होता, त्यावर होल्डरमध्ये जुना पिवळा दिवा. भरलेली मोटार थेट लाइनला लावायची नाही, आधी या दिव्यातून लावून पाहायची. आत शॉर्ट असला तर दिवा भक्क पेटतो, वाइंडिंग ठीक असली तर मंद राहतो. हा सिरीज बोर्ड. एलईडीच्या जमान्यात तारेचे दिवे दुकानात मिळेनासे झाले होते, पण या कामाला तेच लागतात म्हणून काकांनी खोकंभर साठवून ठेवले होते.

त्यांनी त्यातले दोन काढले, एक ६० वॅटचा, एक १०० वॅटचा. म्हणाले, “हे दोन्ही एकामागं एक सिरीजमधी लावले, तं जास्त कोण्ता उजळीन?”

मी म्हटलं, “शंभरचा.”

त्यांनी जोडून बटण दाबलं. साठचा बऱ्यापैकी पेटला, शंभरचा नुसता लालसर.

पॉवरची दोन्ही सूत्रं मला पाठ होती. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, आणि विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध. कोणतं कधी वापरायचं, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. काकांनी मला हिशेब करायला लावला. २३० व्होल्टवर साठच्या दिव्याचा रोध सुमारे ८८२ ओहम, शंभरच्याचा ५२९. समांतर जोडणीत दोघांना व्होल्टेज सारखं, म्हणून कमी रोधाचा जास्त उजळतो. सिरीजमध्ये दोघांतून करंट एकच, म्हणून जास्त रोधाचा. “आधी पाह्य काय सारखं हाय. सूत्र मंग शोध,” ते म्हणाले. पुढे मी सोडवलेल्या बहुतेक प्रश्नांची सुरुवात या एका वाक्याने झाली.

दुसऱ्या दिवशी काही काम नसताना मी तिथे गेलो, आणि जातच राहिलो. काकांनी फी घेतली नाही. जुन्या मोटारीच्या खाचांतली जळकी तार काढायची, इन्सुलेशनचा कागद मापाने कापायचा, ही माझी कामं. मध्येच प्रश्न येई. मोटार पाच एचपीची, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, विहिरीचं पाणी १५ मीटर खाली. सेकंदाला किती लिटर यायला पाहिजे? मी कागदावर काढलं, साधारण २५. “मंग जाऊन मोज.” शेतीची लाइन रात्रीची होती. वडिलांनी बॅटरी धरली, मी दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली लावला. तो भरायला वीसेक सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला दहाच लिटर. बाकीची ताकद कुठे गेली, याचा शोध पुढे आठवडाभर चालला: तारेत, बेअरिंगात, पाइपाच्या घर्षणात, फूट व्हॉल्व्हमध्ये. कार्यक्षमता हा शब्द पुस्तकात एका ओळीचा आहे. आमच्या विहिरीवर त्याचा अर्थ विजेचं बिल असा होता, आणि वडिलांनाही तो त्या रात्री पहिल्यांदा नीट कळला.

घर्षण आणि वर्तुळाकार गती राजूर घाटात शिकलो. मलकापूरहून बुलडाण्याला येणाऱ्या एसटीत काका शेजारी बसलेले, आणि वळण आलं की विचारायचे, तुला बाहेर कोण ढकलतंय? कुणीच नाही, हे मान्य व्हायला बरीच वळणं लागली. लोणार तर आमच्याच जिल्ह्यातलं. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर किती मोठ्या दगडाने केलं असेल, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी दगडाचं वजन बाजूला ठेवून वेगाबद्दल बोलायला सुरुवात केली. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. वस्तुमानावर डोळा ठेवून बसण्याची माझी खोड तिथे मोडली.

काकांना सगळं येत होतं असं मुळीच नाही. प्रकाशविद्युत परिणाम, अर्धवाहक, अणूचं केंद्रक इथे ते सरळ म्हणायचे, “हे मले नाही येत.” ते भाग मी एनसीईआरटीच्या पुस्तकावरून स्वतःच केले. पण एकदा त्यांच्या कपाटात पाना शोधताना मला दोनशे पानी वही सापडली. एच. सी. वर्मांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चा पहिला भाग मी एका सिनियरकडून आणून त्यांच्याकडे ठेवला होता. त्यातली उदाहरणं त्यांनी त्या वहीत मराठी आकड्यांत सोडवली होती. समासात इंग्रजी शब्दांचे अर्थ पेन्सिलने लिहिलेले. दुसऱ्या दिवशी मी काय विचारीन, याची तयारी साठी ओलांडलेला माणूस रात्री बसून करत होता. वही मी होती तशी ठेवून दिली. त्यांना आजवर त्याबद्दल विचारलेलं नाही.

२०१८च्या नीटमध्ये माझं भौतिक काही चमकलं नाही. पण त्याने मला बुडवलं नाही, एवढं पुरलं. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, ते बुलडाण्याला २०२४ साली सुरू झालं. वॉर्डात पहिल्यांदा एका रक्तस्रावाच्या रुग्णाला हिरवी, म्हणजे १८ नंबरची जाड सुई का लावायची, बारीक निळी का नाही, असं सरांनी विचारलं. नळीची त्रिज्या अर्धी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, हे मला उत्तर म्हणून आठवलं नाही. मला आमच्या गल्लीत एका शेतकऱ्याला पाइप बदलू नको म्हणून बजावणारे काका दिसले. बारीक पाइप स्वस्त पडतो, पण पाणी नुसतं अर्धं होत नाही, हे ते त्याला परोपरीने पटवत होते.

आता मी बुलडाणा जिल्ह्यातच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. पावसाळ्यात शेतातल्या स्टार्टरचा शॉक लागलेली माणसं येतात. कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहमपर्यंत असू शकतो, भिजली की तो हजाराच्या आसपास येतो. २३० व्होल्ट भागिले हजार: सुमारे पाव अँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहून कमी करंट पुरतो. चालू लाइनजवळ काम करताना काका डावा हात पाठीमागे ठेवतात, हे मी दुकानात रोज पाहिलं होतं. करंटला एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जायला वाट द्यायची नाही, हे त्याचं कारण शरीररचना शिकल्यावर मला पुरतं समजलं.

त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. त्यांच्या जुन्या आयटीआयतल्या पोरांना शॉकचा प्रथमोपचार शिकवायचा. मी जमेल तसा जातो. पहिल्या वेळी मी पुतळ्यावर छाती दाबून दाखवत होतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल. मागच्या बाकावरून आवाज आला, “डॉक्टर, आधी मेन स्विच. नाहीतर तुमचाही नंबर लागंल.” पोरं हसली. मी फळ्यावर लिहिलेलं पुसलं, एक क्रमांकाला मेन स्विच लिहिलं आणि पुन्हा सुरुवात केली.