उतारासाठी गाडी घे

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
सोमवार, रात्री

चि. मंदार,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा लेथवर काम लागलेलं होतं, धड बोलता आलं नाही. संध्याकाळी शटर ओढलं आणि मग तुझं बोलणं आठवत बसलो. मायलेज किती, पिकअप कसा, हे सगळेच विचारतात. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "मामा, चढताना लो टाकीन, उतरताना न्यूट्रलवर सोडीन, डिझेल तेवढंच वाचेल." त्या एका वाक्यानं जेवण गोड लागलं नाही. मामी म्हणाली, सकाळी फोन करा. पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि पुढं आपलंच खरं करतोस. म्हणून लिहितोय. कागद दोनदा वाचता येतो.

आधी एक बोलून घेतो. पंचवीस हजार टोकन देऊन मग विचारायचं, ही रीत कुठली? दाजी बैलजोडी घ्यायला निघाले की दोन बाजार नुसते बघून परत यायचे. दात बघायचे, खूर बघायचे, चार पावलं चालवून बघायचे. तू फोनवरचे फोटो बघून पैसे पाठवलेस. असो, गेले ते गेले. उरलेले अजून तुझ्याच खिशात आहेत.

मायलेजचा हिशेब तुझ्याच आकड्यांनी करू. महिन्याला तुझं फिरणं 600 किलोमीटर. एक गाडी 12 देते, दुसरी 14. पहिलीला 50 लिटर लागेल, दुसरीला त्रेचाळीस. फरक सात लिटरचा, म्हणजे नव्वदच्या भावानं सव्वासहाशे रुपयांच्या आसपास. वर्षभर हे वाचवलंस आणि मागं टनभर पाणी लावून सड्यावर चढताना क्लच घसरवत राहिलास, तर एका क्लच सेटला सगळी बचत गेली. ट्रॉली ओढणाऱ्याची काटकसर नोझलमध्ये, क्लचमध्ये, लाईनरमध्ये असते. आणि डिझेल घरी बॅरलमध्ये साठवतोस ते बंद कर. तुमच्या दमट हवेत बॅरलच्या तळाला पाणी धरतं. जुन्या पंपाचं इंजिन ते थोडंफार सोसायचं, कॉमन रेलचे इंजेक्टर सोसत नाहीत.

तू धाडलेल्या तिन्ही गाड्या बघितल्या. दिल्लीची ती मोठी एसयूव्ही मनातून काढून टाक. 2015 मध्ये हरित लवादानं तिकडं 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं, तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या पडत्या भावात इकडं येत राहिल्या. गाडी चांगली असेलही, पण एनओसी आण, इथला टॅक्स भर, नंबर बदल, यात स्वस्ताई विरघळते. शिवाय एवढं जड धूड आपल्या जांभ्याच्या अरुंद वाटेवर वळवणार कुठं?

राहिली बोलेरो कॅम्पर आणि तुझी टोकनवाली 2014 ची थार. थार सीआरडीई आहे, अडीच लिटरचं इंजिन, 105 अश्वशक्ती, 247 न्यूटन मीटर टॉर्क. ओढायला काही कमी नाही. पण ती आखूड आहे. दोन आसांतलं अंतर 2430 मिलिमीटर, साध्या बोलेरोचं 2680, कॅम्पर त्याहून लांब. मागं ट्रॉली डोलायला लागली की आखूड गाडीचं शेपूट लवकर हलतं. माझं मन कॅम्परवर आहे, फक्त ती खरीच फोर बाय फोर आहे ना ते आरसीवर आणि खाली वाकून, दोन्हीकडं बघ. थारच घ्यायची तर ट्रॉलीत टाकी आसाच्या किंचित पुढं बसवून घे. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. माल मागं गेला की ट्रॉली गाडीचं बूड उचलते आणि मग स्टिअरिंग तुझ्या हातात नावापुरतं उरतं.

तू पाठवलेला थारचा व्हिडिओ मी सहा वेळा बघितला. मीटर 68,000 दाखवतोय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर कडेनं गुळगुळीत होऊन आतलं लोखंड दिसतंय. अडुसष्ट हजारांत असं होत नाही, बाळा. चेसिसला ताजा काळा रंग मारलाय, तोही फक्त मागच्या पाट्यांच्या खिळ्यापाशी. समुद्रकाठची गाडी तिथंच कुजते. पेचकस घेऊन जा आणि रंगावर टोचून बघ. ठणठणीत लोखंड वाजतं, गंजलेलं पापडासारखं सुटतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून बोट फिरव. इंजिन थंड असताना पोहोच, बोनेटला हात लावल्याशिवाय चावी फिरवू देऊ नको. चालू झालं की ऑइलचं झाकण काढ, धुराचे भपकारे आले तर ते बॅक कॉम्प्रेशन, पाठ फिरव. फोर बाय फोरचा दांडा 4एल मध्ये टाकायला लाव आणि मऊ मातीत पुढची चाकं खरंच ओढतायत का ते खाली उतरून बघ. कोरड्या डांबरावर ते तपासू नको. तिथं चारी चाकं बांधलेली ठेवली की आतले गिअर एकमेकांशी झगडतात. कागदाचं एवढंच सांगतो, 2014 ची गाडी म्हणजे 15 वर्षांची नोंदणी 2029 ला संपते, तेवढं वय किमतीतून वजा कर. आणि ट्रॉलीला स्वतःचा वेगळा नंबर लागतो. दाजींच्या जुन्या ट्रॉलीचे कागद अक्काच्या ट्रंकेत असतील तर शोध.

आता मूळ गोष्ट. मंदार, चढासाठी फोर बाय फोर घेतात असं तुला वाटतं. चढाला गाडी कमी पडली तर काय होतं? थांबते. चाक फिरतं, क्लचचा वास येतो, तू उतरतोस, चाकाला दगड लावतोस, माणसं बोलावतोस. फार तर अब्रू जाते. उताराला कमी पडली तर ती थांबत नाही. म्हणून मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, गाडी उतारासाठी घ्या.

तुमच्या घाटीचा विचार कर. आठ फूट पुढं गेलं की एक फूट खाली, एवढा उतार नक्की आहे. हजार लिटरची टाकी आणि लोखंडी ट्रॉली मिळून दीड टन. त्या उतारावर ती जवळजवळ 190 किलोच्या जोरानं गाडीला मागून ढकलते, सारखी, खाली पोहोचेपर्यंत. पाणी वर जातं आणि रिकामी टाकी खाली येते, असं तू म्हणशील. एप्रिल-मेमध्ये काय करशील? सड्यावरून आंब्याचे क्रेट भरून खालीच यायचंय ना? आणि रोज टाकी पुरती रिकामी कुठं होते? अर्धं पाणी उरलं तर ते वळणावर एका बाजूला जातं आणि ब्रेक दाबला की पुढं येऊन आदळतं. टाकीत आडवे पत्रे मारून घे, भोकं पाडून. मीच मारून देतो.

एवढं वजन नुसत्या पायाच्या ब्रेकवर धरून आणलं की लाईनर तापतात. तापलेला लाईनर धरत नाही, पेडल दाबलेलं असतं आणि गाडी चालतच राहते. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळं पाय काढल्यावर ते पेट्रोलइतकं आपसूक रोखत नाही. लो गिअर लागतो तो यासाठी. थारचा लो गाडीला सुमारे अडीचपट हळू करतो. लो मध्ये पहिला किंवा दुसरा टाक, पाय काढून ठेव, इंजिन घूं करून गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक थंड राहतात. चारी चाकं बांधलेली असतात म्हणून शेवाळलेल्या जांभ्यावर एकटी मागची चाकं घसरून ट्रॉली गाडीला आडवं करत नाही.

आणि तुझं ते डिझेल वाचवणं. गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंजिनाला डिझेल लागतच नाही. चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा बंद राहतो. न्यूट्रलला टाकलंस की इंजिनाला स्वतःच्या जोरावर फिरावं लागतं, मग ते डिझेल पितं. म्हणजे न्यूट्रलवर तू जास्त जाळतोस. किल्लीच बंद केलीस तर त्याहून वाईट. डिझेल गाडीत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम वेगळा पंप बनवतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन थांबलं की तो थांबतो. दोन-तीनदा पेडल दाबलं की चौथ्यांदा दगडावर पाय ठेवल्यासारखं लागतं. टोकनवाल्या गाडीत हेही बघ. इंजिन बंद ठेवून पाच वेळा ब्रेक मार, मग पेडल दाबून धर आणि स्टार्ट कर. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. 1993 च्या त्या पावसाआधी आम्ही पंपसेट आणि जीआय पाइप घेऊन फोंडा घाट उतरत होतो. माझी एमएम 540, प्युजोचं इंजिन, मागं दाजींची हीच ट्रॉली. पुढचं तुला माहीत आहे, त्या वळणाचं, दगडाचं आणि दाजींच्या पायाचं. पण घरात आजवर सगळे समजत आलेत की ब्रेक फेल झाले. ब्रेक चांगले होते, मंदार. आदल्या आठवड्यात मी स्वतः लाईनर घातले होते. दाजीपूर सोडल्यावर उतार लागला आणि मी न्यूट्रल करून किल्ली बंद केली. त्या वेळी सगळेच करायचे. अर्धा लिटर डिझेल वाचलं असतं. लाईनरचा जळका वास आला तेव्हा गिअर पडेना, ट्रॉली ढकलत होती, आणि मी काही बोलायच्या आत दाजी दगड घेऊन चाकाखाली टाकायला उडी मारून गेले. गाडी थांबली. दाजी त्याबद्दल नंतर कधीही एका शब्दानं बोलले नाहीत. अक्काला विचारलं तर अजून सांगेल, ब्रेक गेले म्हणून.

आज तू तेच वाक्य बोललास, तुझ्या बापाच्या आवाजात. तुझा आवाज फोनवर अगदी त्यांच्यासारखा येतो.

आता मला गाडीपेक्षा दुसरंच दिसतंय. संध्याकाळ झालेली आहे, क्रेट भरलेत, वाशीचा ट्रक खाली उभा आहे, तू घाईत आहेस आणि ट्रॉलीवर दोन पोरं बसलीत. ती बसतातच, मी बघितलंय. मंदार, ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही. अगदी चालत जायचा कंटाळा आला तरी नाही. आणि गाडी सरकायला लागली तर कुणीही दगड घेऊन पुढं धावायचं नाही. जाऊ दे गाडी. हे तुझ्या गड्यांना सांग, रोज सांग.

उरलेले पैसे देऊ नको. मी गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघतो, दुपारपर्यंत नांदगाव तिठ्यावर उतरेन, न्यायला ये. गाडी आपण दोघं मिळून बघू. घाटीवरून रिकामी उतरवू, मग दगड भरून उतरवू, गाडी मी चालवीन, तू बाहेर उभा राहा. हुकाची पिन बाजारातली घेऊ नको. लेथवर कडक लोखंडाची एक करून घेतलीय, वर सुरक्षेची क्लिप आहे, आणि हुक सुटलाच तर धरायला दोन साखळ्या. बॅग जड होईल, तिठ्यावर एखादं पोर घेऊन ये.

अक्काला हे पत्र दाखवायचं की नाही ते मी आल्यावर ठरवू. तोवर तुझ्याकडंच ठेव.

तुझा,
मामा